बारीक कामाला लागलेली हळद

मी काय काम करते हे माझ्या आईला अजून नीट समजावता आलेलं नाही. "धूळ मारते," असं मी म्हणते. मग ती म्हणते, "धूळ झाडतात वं, मारतात कायले?" आणि मी गप्प बसते, कारण कामावर लागल्यावर पहिले काही महिने मलाही नेमका तोच प्रश्न पडला होता.

भद्रावतीच्या एमआयडीसीत एक छोटं वर्कशॉप आहे, तिथे मी काम करते. वरोऱ्याहून रोज बसने येते. मालकांना आम्ही भाऊ म्हणतो. मागच्या बाजूला लागूनच त्यांचं घर आहे आणि तिथे त्यांची आई राहते. तिला सगळे बाई म्हणतात, खुद्द भाऊसुद्धा. आमच्या कामाची तऱ्हा अशी की एका काचेच्या पेटीत दोन्ही हात घालायचे, पायाखालचं पेडल दाबायचं, आणि पेन्सिलीएवढ्या नळीच्या टोकातून कोरड्या हवेबरोबर पावडर सुटते. ही पावडर तांदळाच्या पिठाहून बारीक असते. बोटांत चोळली तर मऊ लागते, पण स्टीलला खाते. समोर धरलेल्या तुकड्याला आम्ही जॉब म्हणतो. जॉबला भोक पाडलं की भोकाच्या काठाला धातूची कुसळं राहतात, डोळ्यांना दिसतही नाहीत इतकी बारीक. ती कुसळं पावडरीच्या माऱ्याने काढायची, पण भोकाचा काठ मात्र गोल होऊ द्यायचा नाही. तो जसा धारदार पाडलेला आहे तसाच राहायला हवा.

मी आयटीआय केलेली बाई. कानस कशी चालते, ड्रिल कसं चालतं, हे मला कळतं, कारण तिथे हाताला जोर लागतो आणि काय होतंय ते दिसतं. इथे काहीच हाताला लागत नाही. पेटीत नुसतं धुकं उठतं, फुस्स असा आवाज येतो आणि झालं. पावडरीला कसं कळतं की कुसळ कुठे संपलं आणि काठ कुठे सुरू झाला? मी भाऊंना विचारलं. ते म्हणाले, "पावडरीले काई समजत नाई. तुले समजलं पाहिजे." हे काय उत्तर झालं? मी त्या दिवशी घरी जाईपर्यंत चिडलेली होते. बाहेर माजरीकडून येणाऱ्या कोळशाच्या ट्रकांमुळे रस्ताभर धूळ, खिडकीच्या गजावर धूळ, डब्याच्या पिशवीवर धूळ. ती दिवसभर पुसायची, आणि आत पेटीत विकत आणलेली धूळ उडवायची. डोकं चक्रावतं माणसाचं.

पण हात शिकला. किती अंतरावर धरायचं, किती तिरकं, केव्हा पेडल सोडायचं. डोक्याला अजून कळलेलं नाही, हाताला कळलं आहे, आणि त्यावरच माझी नोकरी चालते.

मी जी गोष्ट सांगते आहे तिला दोन-तीन वर्षं झाली. तेव्हा वर्कशॉपमध्ये मी आणि आणखी एक पोरगी अशा दोघीच पेटीवर काम करायचो. ती गडचिरोलीच्या पलीकडची, धानोऱ्याजवळच्या एका गोंड गावातली. भद्रावतीत खोली करून राहायची. तिला सगळे धानोऱ्याचीच म्हणत, म्हणून मीही इथे तेच म्हणते. तिला काम मीच शिकवलं. मला ज्याला वर्ष लागलं ते तिला पावसाळा सरायच्या आत आलं, याचा मला थोडा राग आणि बराच अभिमान होता. बोलायची कमी. विचारलं तर उत्तर द्यायची आणि पुन्हा पेटीत बघायची.

ती तात्पुरती होती. भाऊंनी तिला साफ सांगितलं होतं की पुण्याच्या कंपनीचा नमुना लॉट पास झाला तर ते काम कायमचं मिळेल, दुसरी पेटी घेऊ आणि तुला कायम करू. नाही झाला तर एका पेटीवर दोघी कशाला? त्यामुळे तो लॉट म्हणजे तिची नोकरीच होती. तिलाही ते ठाऊक होतं आणि मलाही.

लॉट म्हणजे मूठभर स्टीलचे तुकडे. एकेक तुकडा उडदाच्या दाण्याएवढा, एका बाजूला रुंद कॉलर, मधून केसासारखं भोक. कसल्याशा औषधाच्या पंपात बसणार होते म्हणे. आम्ही दोघींनी मिळून ते केले. अवघड भोकं तिने केली, माझ्यापेक्षा तिचा हात स्थिर आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी एकेक तुकडा मायक्रोस्कोपखाली पाहिला. काठ धारदार, कुसळ नाही, सगळे स्वच्छ. पावडरीचा मारा झालेलं स्टील चकाकत नाही, ते राखेसारखं फिकट होतं. मला ते रूप फार आवडतं. ट्रेमध्ये ते तुकडे मांडले, वर झाकण ठेवलं, आणि मी सुट्टीवर गेले.

दसऱ्याला मी कधीच कामावर नसते. आम्ही बौद्ध. त्या दिवशी पांढरी साडी नेसून, आईला घेऊन, वरोऱ्याहून गाडीने नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं हे माझ्या लहानपणापासूनचं. गर्दीत पाय मोडतात, म्हणून दुसऱ्या दिवशीचीही सुट्टी घेते. वर्कशॉपमध्ये त्या दिवशी काम बंद आणि मशीनची पूजा असते. पहिल्या वर्षी बाईंनी मला विचारलं होतं, "पूजेले काऊन नाई आली वं?" मी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "बरं बरं, तुमचं वेगळं असते," आणि माझ्या हातावर करंजी ठेवली. ते "तुमचं" मला कसं घ्यावं ते कळलं नाही. करंजी मात्र चांगली होती, खाल्ली.

सुट्टीनंतर मी आले तर लॉट गेलेला होता. धानोऱ्याचीने आदल्या दिवशी तो डबीत भरला होता आणि भाऊंनी कुरिअरने पाठवला होता. मी तपासून ठेवला होता, त्यामुळे पुन्हा मायक्रोस्कोपखाली पाहायचं तिला काही कारण नव्हतं.

चार-सहा दिवसांनी पुण्याहून फोन आला. तिकडच्या तपासणीच्या मॅडम बोलत होत्या. भाऊंनी फोन स्पीकरवर लावला होता, आम्ही दोघी ऐकत होतो.

"अहो, तुमच्या जॉबवर पिवळे डाग आहेत. सगळ्यांवर. काही भोकांतही काहीतरी अडकलंय. आम्हाला वाटलं तेल असेल, म्हणून धुतले, तर ते डाग लाल झाले. हे आहे तरी काय?"

"लाल?" भाऊ म्हणाले.

"लाल. आमच्याकडे कोणालाच कळत नाहीये. तुमच्याकडे जेवणाची जागा वेगळी आहे ना?"

भाऊ म्हणाले, "आहे ना, मॅडम." जेवणाची जागा म्हणजे पेटीपासून हातभर अंतरावरचं लाकडी बाक.

मग फोटो आले. खरंच डाग होते. धुण्याआधीचे पिवळे, धुतल्यानंतरचे लालसर. मी पुन्हा पुन्हा फोटो मोठा करून पाहत होते. मी स्वतः पाहिलेले तुकडे हे, स्वच्छ होते. माझे डोळे गेले की काय असं वाटून मी भिंतीवरचं कॅलेंडर लांबून वाचून पाहिलं. गंज म्हणावा तर हे स्टील गंजत नाही. हवेच्या कॉम्प्रेसरचं तेल म्हणावं तर ते पिवळं नसतं आणि धुतल्यावर लाल होत नाही. भाऊ पावडरीची नवी बरणी हुंगून पाहत होते. पावडरीला काय वास येणार? पण कोणाला काहीच सुचत नव्हतं.

तेवढ्यात बाई चहा घेऊन आल्या. आमची तोंडं पाहून त्यांनी फोन मागितला, चष्मा वर केला आणि एका नजरेत म्हणाल्या, "हे त हळद आहे. साबण लागला का हळद लालच होते ना. उनात ठेवले का जाते डाग." फोटोत उडदाएवढा तुकडा ताटाएवढा दिसत होता; तो कशाचा आहे हेही न विचारता त्या चहा ठेवून गेल्या.

आपल्या घराघरात हळदीचे डाग साबणाने लाल होतात. माझ्या पांढऱ्या साडीवर दरवर्षी एखादा पडतोच. तरी कोणाच्याही डोक्यात आलं नाही, कारण मशीनच्या कामात हळद येईल असं कोणाला वाटणार?

पण हळद म्हटल्यावर भाऊंचं तोंड बदललं. ते धानोऱ्याचीकडे वळले.

"डबी तू भरली होती ना?"

"हो, भाऊ."

"जेवल्यावर भरली?"

"जेवल्यावर. पण हात धुतले, हातमोजे घातले."

"मंग हळद कुठून आली? आभायातून पडली? दाखव हात."

तिने हात पुढे केले. नखांच्या कडा पिवळ्या होत्या. आमच्याकडे रोज भाजी-भात हाताने खाणाऱ्या कोणाची नखं पांढरी असतात? माझी पिवळी होती. भाऊंची मी पाहिली नाहीत, पण ते काही काट्याने जेवत नाहीत. तरी ते तिच्या नखांकडे असे पाहत होते की जणू तिथे सगळं लिहून ठेवलं आहे. मी म्हटलं, "भाऊ, माह्याबी नखाले हळद आहे." ते म्हणाले, "तू डबी नाई भरली."

मग हळू आवाजात ते तिला म्हणाले, "दिवाळीपर्यंत घरी राह्य. मंग पाहू." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. तिने डबा पिशवीत घातला, चपला घातल्या, मला म्हणाली, "ताई, जातो मी," आणि गेली. त्यांच्याकडे बायकाही "जातो" म्हणतात. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हिला आपण थांबवायला हवं होतं, पण काय सांगून थांबवणार? हळद कुठून आली ते मलाही माहीत नव्हतं.

पुण्याच्या मॅडमनी मोठ्या मनाने आणखी एक नमुना लॉट मागवला. खराब झालेला परत पाठवला. तो मी करायला घेतला आणि माझं लक्ष लागेना. एक गोष्ट डोक्यात अडकली होती. परत आलेले तुकडे मी मायक्रोस्कोपखाली पाहिले, तर प्रत्येकावर एकच डाग होता, कॉलरच्या वरच्या तोंडावर. भाऊ म्हणाले, "तिनं तिथूनच धरलं असन." हे पटण्यासारखं होतं. मला पटायला नको होतं, पण पटत होतं, आणि त्याचाच मला राग येत होता.

दुपारी डबा खाल्ला आणि मुद्दाम हात न धुता भंगारातला एक तुकडा उचलला. मायक्रोस्कोपखाली धरला. दोन डाग. एक अंगठ्याचा, एक बोटाचा, समोरासमोर. पुन्हा उचलला, पुन्हा दोन. उडदाएवढी वस्तू एका बोटाने उचलताच येत नाही. मग लॉटवर एकेकच डाग कसा? हे धरल्याचे डाग नव्हते. कोणीतरी नुसतं बोट टेकवलं होतं. एकेकाला, सगळ्यांना, न चुकता. असं कोण करील? आणि कशासाठी? मी जेवणाच्या बाकावर बसून राहिले. डोकं अगदी बंद पडलं होतं.

आणि समोर मायक्रोस्कोप होता. त्याच्या मानेवर हळदीचं बोट आणि त्यावर कुंकू. पेटीच्या काचेवर हळद-कुंकू. पेडलवर. कॉम्प्रेसरच्या टाकीवर. पावडरीच्या बरणीच्या झाकणावर. दसऱ्याची पूजा. सुट्टीवरून आल्या दिवशी मी ते सगळं पाहिलं होतं, पेटीच्या काचेवरचं पुसूनही टाकलं होतं, कारण आतलं दिसत नव्हतं. इतके दिवस ते माझ्या डोळ्यांसमोर होतं.

कळलं, आणि कळल्यावर जास्तच गोंधळ झाला. कारण आता ते बोलायचं कोणी? मी? जिच्या घरी पूजा नाही, जी पूजेच्या दिवशी दीक्षाभूमीवर जाते, तिने जाऊन म्हणायचं की तुमच्या पूजेने लॉट खराब झाला. मी हळदीविषयी बोलणार आणि ऐकणारा माझ्या घराविषयी ऐकणार. भाऊ वाईट नाहीत, पण त्यांच्या मनात पहिल्यांदा काय येईल हे मला माहीत होतं. बाईंना काय वाटेल? ज्या म्हातारीने पाच वर्षं माझ्या पुढ्यात कधी नुसता चहा ठेवला नाही, सोबत काहीतरी ठेवलंच, तिच्या हातच्या हळदीवर मी बोट ठेवायचं? आणि नाही बोलावं, तर ती पोरगी काही न करता घरी बसली आहे. मी आतल्या आत सगळ्यांवर चिडले. भाऊंवर, बाईंवर, पुण्याच्या मॅडमवर, आणि दसऱ्यावरसुद्धा.

शेवटी उठले आणि मागच्या घरात गेले. बाई ओट्याजवळ बसून हिरवा सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होत्या, वड्या करायच्या होत्या.

मी विचारलं, "बाई, दसऱ्याले तुमी त्या बारीक तुकड्यायले हळद लावली होती का?"

"लावली ना," त्या सहज म्हणाल्या. "पोरगा फुलं आणाले गेला होता, तवा लावली. एकेकाले लावली. सकाळ गेली माही त्याच्यात. डोये दुखले."

"त्यायले काऊन लावली, बाई?"

त्यांनी काडी खाली ठेवली. "मशीनले लावली, हवेच्या पंप्याले लावली. अन् जे काम बाहेर जाऊन राह्यलं, ज्याच्यावर त्या धानोऱ्याच्या पोरीचं पोट आहे, त्यालेच कोरडं पाठवू का? कुंकू नाई लावलं मी. म्हटलं कुंकवाचा डाग पडन. नुसती ओली हळद टेकवली अन् फडक्यानं पुसून घेतली. काई दिसत नव्हतं मंग."

काही दिसत नव्हतं हे खरंच होतं. नुसत्या डोळ्यांना दिसलं नसतंच. चकाकणाऱ्या स्टीलवरची हळद पुसली जाते. पावडर मारलेल्या खरखरीत स्टीलवर ती मुरते, आणि पुसताना उरलेली भोकात जाते. हे मी त्यांना कसं सांगू? मी त्यांचा हात धरून त्यांना वर्कशॉपमध्ये आणलं, स्टुलावर बसवलं आणि परत आलेला एक तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला.

बाईंनी आजवर त्यातून कधी पाहिलं नव्हतं. आधी एकच डोळा लावला, मग चष्मा काढून दोन्ही. मी चाक फिरवून दिलं. बराच वेळ त्या पाहत होत्या. कॉलरवरचा लाल पट्टा, आणि भोकाच्या तोंडाशी बसलेला हळदीचा खडा, त्यातून दगडाएवढा दिसतो.

"एवढीशी त लावली होती वं मी," त्या म्हणाल्या. मग डोळे न काढताच विचारलं, "हेच पाहून याने त्या पोरीले घरी बसवलं?"

"हो, बाई."

त्या उठल्या. "मीच सांगते त्याले. तू नोको सांगू. तुह्यावर येईन." म्हणजे त्यांनाही ते कळत होतं. मला तोपर्यंत वाटत होतं की माझी ही भीती माझ्याच मनातली आहे.

भाऊंनी आईचं सगळं ऐकलं. चिडले नाहीत. खुर्चीवर बसले, कपाळाला हात लावला, म्हणाले, "बाई, तुले म्हटलं होतं ना, मशीनशिवाय कशालेच हात नोको लावू." मग मला म्हणाले, "तिले फोन करून सांग, उद्यापासून ये म्हणा."

फोन लागला नाही. खोलीवर जाऊन पाहिलं तर खोलीला कुलूप. शेजारणीने सांगितलं की ती गावी गेली, धान कापायला.

"चाल, आपण जाऊ," बाई म्हणाल्या. त्या वयात, गुडघे धरून चालणारी बाई. मी म्हटलं भाऊंना येऊ द्या. त्या म्हणाल्या, "हळद मी लावली."

आम्ही चंद्रपूरला बस बदलली, मूलवरून गडचिरोली, पुढे धानोरा, आणि तिथून काळी-पिवळी जीपने आणि पायी. रस्ताभर बाईंनी मला एकच विचारलं, की त्या लोकांच्या घरी काय घेऊन जायचं असतं. मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, वड्या आहेत ना, त्याच न्या. जंगल सरून वावरं लागली. धान पिवळं होऊन वाकलं होतं आणि बायका कापत होत्या. धानोऱ्याची विळा घेऊन बांधावर आली. तिची आई मागून काहीतरी गोंडीत म्हणाली, मला कळलं नाही. तिने आम्हाला सावलीत बसवलं आणि पाणी आणून दिलं.

बाईंनी सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही, "माह्याच हातानं झालं" असं सरळ म्हणाल्या, आणि हात जोडले. धानोऱ्याचीने पटकन त्यांचे हात खाली केले.

"बाई, तुमी कायले हात जोडता? तुमी त माह्यासाठीच लावली."

"मंग येशीन ना?"

तिने विळा बांधावर ठेवला. मग म्हणाली, "भाऊ काऊन नाई आले?"

बाई गडबडल्या. "काम आहे वं मागं. दुसरा लॉट आहे. फोन करीन तो."

"इथी फोन लागत नाई. अन् लागला तरी फोनवर नाई. घरी राह्य म्हणाले त समोर म्हणाले, ताईच्या देखत म्हणाले. आता ये म्हणायचं असन त तसंच समोर येऊन म्हणाव." ती हे रागाने बोलली नाही. आम्हाला जेवायला वाढलं, वड्या ठेवून घेतल्या, रस्त्यापर्यंत पोचवायला आली.

आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. मी त्या पोरीवर खूश होते आणि मनातून घाबरलेही होते. भाऊ गेले नाहीत तर? माणूस असा अडून बसला की नोकरी जाते, हे मी पाहिलं आहे. मी तिच्या जागी असते तर फोनवरच आले असते, मुकाट्याने. मग बरोबर कोण, ती की मी? गडचिरोलीपासून चंद्रपूरपर्यंत मला ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "अरे बाप्पा, बाई गेली, तू गेली, अजून काय पाहिजे तिले? लॉट पाठवाचा आहे. तू भर डबी."

मी पेडलवरचा पाय काढला. असं काही करायचं मी ठरवलं नव्हतं. "मी नाई भरत, भाऊ. उद्या कशाचा डाग निंघाला त माही नखं पाहाल."

"तुह्यावर मी कधी शक घेतला का?"

"दसऱ्यानंतर मी इथी असती अन् डबी भरली असती त घेतला असता."

ते बराच वेळ बरणीचं झाकण उघड-बंद करत राहिले. मग म्हणाले, "तिच्या मायबापासमोर मी काय तोंड दाखवू?"

"जे आहे तेच दाखवा," मी म्हटलं. हे माझ्या तोंडून गेलं याचंच मला नवल वाटत होतं.

दारात बाई उभ्या होत्या. त्यांनी आत येऊन गाडीची किल्ली भाऊंच्या पुढ्यात ठेवली आणि परत गेल्या.

भाऊ त्या दिवशी निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आले. मी खिडकीतून पाहत होते. गाडीतून आधी तांदळाची छोटी पिशवी उतरली, मग ती. तिकडे काय बोलणं झालं ते मला आजतागायत माहीत नाही. दोघांनीही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती सरळ आत आली, नळावर कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, हातमोजे चढवले आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली. मी ट्रे तिच्याकडे सरकवला.

भाऊ दारात घुटमळत होते. मालक माणूस, स्वतःच्या वर्कशॉपमध्ये आत यावं की बाहेर थांबावं हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी आत आले, तिच्या मागे उभे राहिले आणि अगदी ओशाळल्यासारखे म्हणाले, "राग गेला ना?"

तिने पेटीत हात घातले, नळी उचलली आणि मागे न वळता म्हणाली, "नाई गेला, भाऊ. मी कामावर आली."

भाऊ "बरं" म्हणाले आणि कॉम्प्रेसर सुरू करायला बाहेर गेले.